अंतराचे परिमाण : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानमार्ग आणि मराठीतील अंतरवाचक प्रयोग

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर आहे, या प्रश्नास मराठी भाषक दोन तऱ्हेची उत्तरे देतो. ‘सुमारे बारा हजार चारशे किलोमीटर’ हे एक आणि ‘पंधरा-सोळा तासांवर’ हे दुसरे. पहिले उत्तर शास्त्रशुद्ध व दुसरे केवळ व्यवहारापुरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषाभ्यासकही तिला अपवाद नाहीत. दोन गावांच्या बोलींतील भेद मोजून तो त्या गावांमधील अंतराशी ताडून पाहताना ‘अंतर’ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मिळणारा आकडा, हे बहुधा गृहीतच धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते ते पाहण्यास विमानमार्गाचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. जमिनीवरील वाटेला डोंगर, नदी, खाडी आडवी येते; तेथे नकाशाचे अंतर आणि चालण्याचे अंतर जुळले नाही तर नवल नाही. आकाशात यांपैकी काहीच आडवे येऊ नये. दोन्ही अंतरे जुळावयाची तर ती येथेच जुळावयास हवीत. ती येथेही जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत याची कारणे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहेत.

प्रथम बारा हजार चारशे या आकड्याचा विचार करू. पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को या दोन बिंदूंमध्ये एक दोरा घट्ट ताणून धरला, तर तो ज्या वर्तुळावर बसतो त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते. अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात, आणि त्यावरील लहान कंस हे त्या दोन स्थळांमधील भूपृष्ठावरचे सर्वांत कमी अंतर होय. दोन्ही नगरांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केल्यास हा कंस सुमारे १११ अंशांचा येतो; दर अंशास १११ किलोमीटरहून किंचित अधिक धरले म्हणजे अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास भरते. हा दोरा जातो तरी कोठून? अमेरिका पश्चिमेस, म्हणून वाट युरोप आणि अटलांटिक महासागरावरून, असे भिंतीवरचा नकाशा सुचवितो. मर्केटरने १५६९ मध्ये नकाशा काढण्याची जी पद्धत रूढ केली तीत ध्रुवांकडील प्रदेश अतोनात ताणले जातात, आणि तिकडची वाट डोळ्यांना आडवळणाची वाटते. दोरा मात्र दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेस, पूर्वेकडे अवघा सोळा-सतरा अंश कलून निघतो. पश्चिम तिबेट, सिंक्यांग आणि मध्य सायबेरिया ओलांडून तो आर्क्टिक महासागरावर ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे चढतो, आणि मग अलास्का व कॅनडाचा पश्चिम भाग यांवरून उतरत कॅलिफोर्नियास पोहोचतो.

या दोऱ्यावरून जसेच्या तसे जाणे प्रवासी विमानास परवडत नाही. पहिला अडथळा तिबेटच्या पठाराचा. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला तर प्रवाशांना मुखवट्यातून मिळणारा प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तेवढ्या वेळात विमानाने सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर, म्हणजे चौदा हजार फुटांहून अधिक आहे. तेथे खाली यावयास जागाच नाही. म्हणजे डोंगर आकाशातील वाटेलाही आडवा येतो, फक्त तो दिसत नाही. दुसरा अडथळा परवानगीचा. त्याविषयी पुढे येईल.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली ती अटलांटिकच्या वाटेने. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. पुढे १६ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच दोन नगरांमधील विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे पहिलीपेक्षा चौदाशे किलोमीटर लांब. परंतु ते विमान सुमारे साडेचौदा तासांत, अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. भागाकार करून पाहावा. पॅसिफिकच्या वाटेने सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर पडतो, तर अटलांटिकच्या वाटेने साडेसोळा तास धरल्यास ८४० च्या जवळपास. यंत्र तेच होते. एका वाटेवर वारा पाठीशी होता, दुसरीवर तोंडावर.

या वाऱ्याची थोडी माहिती येथे दिली पाहिजे. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिवेगवान वारे असतात. त्यांस झोतवारे म्हणता येईल. विषुववृत्ताकडील उष्ण हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांतून ते उत्पन्न होतात, आणि हिवाळ्यात, विशेषतः जपानच्या परिसरात, ताशी तीनशे किलोमीटरचा वेगही ओलांडतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले होते. पण आपले निष्कर्ष त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले ते एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत. सर्व जगास कळावे म्हणून निवडलेल्या भाषेमुळे ते जवळजवळ कोणासच कळले नाहीत, ही घटना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बाँबफेकी विमानांना हे वारे नव्याने ‘भेटले’.

वाऱ्याचा परिणाम केवळ वेळ कमीजास्त होण्यापुरता नाही. त्यामुळे अंतराच्या कल्पनेचा एक मूलभूत गुण नाहीसा होतो. भूमितीतील अंतर दोन्ही बाजूंनी सारखे असते. ‘अ’ पासून ‘ब’ जितके दूर, तितकेच ‘ब’ पासून ‘अ’. तासांतील अंतर तसे नसते. नऊ हजार किलोमीटरची वाट, विमानाचा हवेतील वेग ताशी नऊशे आणि वारा ताशी शंभर, असे सोपे आकडे घेतले, तर जाताना नऊ तास आणि येताना सव्वाअकरा तास लागतात. एका दिशेचा फायदा दुसऱ्या दिशेच्या तोट्याने फिटतो असेही नाही, कारण दोहोंची बेरीज सव्वावीस तास येते, तर वारा नसता ती वीस आली असती. मुंबईहून लंडनला जाण्यास नऊ-दहा तास आणि परत येण्यास त्याहून कमी, हा अनुभव त्या मार्गाच्या प्रवाशांना परिचित आहे. याच कारणासाठी २०१६ च्या त्या व्यवस्थेत विमान जाताना पॅसिफिकवरून व परतताना अटलांटिकवरून, दोन्ही वेळा पूर्वेकडेच तोंड करून उडत असे. घरून निघून घरी परतताना ते पृथ्वीप्रदक्षिणा करी.

आता परवानगीचा प्रश्न. पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात आणि नंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांच्या वाटा दोन्ही वेळा लांबल्या, आणि उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्ना येथे उतरावे लागले. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झाले. युनायटेड एअरलाइन्सने डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केलेली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा मार्च २०२२ मध्ये याच कारणाने थांबवावी लागली. एअर इंडियाची विमाने मात्र रशियावरून जात राहिली. ६ जून २०२३ रोजी त्यांपैकी एक यंत्रातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मागादान येथे उतरले, तेव्हा ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. एकाच वेळी, त्याच दोन नगरांमध्ये, एका कंपनीस जवळची वाट मोकळी आणि दुसरीस ती मुळीच नाही, अशी ही स्थिती होती. हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास २०२२ पूर्वी सायबेरियावरून साडेनऊ तासांचा होता. तो नंतर सुमारे तेरा तासांचा झाला. हेलसिंकी आणि टोकियो यांपैकी कोणतेही नगर जागचे हललेले नाही.

तासांच्या उत्तरातही एक घोळ आहे. वेळापत्रकात दिलेला प्रवासकाळ हा उड्डाणाचा काळ नव्हे. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावीपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो, आणि धावपट्टीपर्यंत रांगेने जाण्याची मिनिटेही त्यातच येतात. घड्याळाचे अंतर तर याहून वेगळे. उन्हाळ्यात दिल्लीचे घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेबारा तास पुढे असते. रात्री अडीचला दिल्लीहून निघालेले विमान सोळा तासांनी तेथे उतरले, तर तेथील घड्याळात त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजलेले असतात; घड्याळांच्या मते प्रवास साडेतीन तासांचा झाला. तेथून सकाळी दहाला निघून तितक्याच तासांनी दिल्लीस उतरणारा प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पोहोचतो, आणि घड्याळे त्याला साडेअठ्ठावीस तास खर्ची घालतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारा मराठी मुलगा पुण्यातील आईशी दूरध्वनीवर बोलतो तेव्हा त्यास हजारो किलोमीटर आड येत नाहीत, हे साडेबारा तास येतात.

एवढे ध्यानात घेऊन मराठीकडे वळले म्हणजे असे दिसते की, भाषेने स्थळ आणि काळ या दोन अंतरांमध्ये फारशी भिंत घातलेलीच नाही. ‘पुणे तीन तासांवर आहे’ आणि ‘परीक्षा तीन दिवसांवर आली’ या वाक्यांत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय एकच काम करते. प्रवासी जागचा हलतो, पण मराठीत ‘कर्जत आले’ असे म्हणावयाचे, जसे ‘दिवाळी जवळ आली’ असे म्हणतात. ‘वाट सरत नाही’ आणि ‘वेळ सरत नाही’ यांतील क्रियापद एक. ‘अवकाश’ या शब्दाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. अवकाशयानातील अवकाश ही जागा. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ यातील अवकाश हा काळ. ‘अंतर’ हा शब्दही त्याच जातीचा. संस्कृतात त्याचा अर्थ ‘आतील भाग’ व ‘मधली जागा’ असा. मराठीत तो स्थळाचा दुरावा दाखवितो, परंतु ‘कालांतर’ व ‘मध्यंतर’ यांत तो काळाचा आहे, आणि ‘अंतर देणे’ या प्रयोगात तो मनाचा दुरावा होतो. व्याकरणाच्या बाजूने एक बारीकशी गोष्ट नोंदण्याजोगी आहे. ‘कोसांवर’, ‘मैलांवर’, ‘तासांवर’ असे अनेकवचनी सामान्यरूप सहज होते. ‘किलोमीटर’ मात्र बहुधा ‘पन्नास किलोमीटरवर’ असा कोराच राहतो. शब्द रूढ झाला तरी विभक्तीच्या घरात अद्याप पाहुणाच आहे.

जुनी परिमाणे पाहता ही सरमिसळ अज्ञानातून आलेली नाही हे स्पष्ट होते. योजन हा शब्द ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूपासून आलेला. जनावरे एकदा जुंपली की सोडीपर्यंत जी वाट होते ती योजन. कोस हा संस्कृत ‘क्रोश’ याचा तद्भव, आणि क्रोश म्हणजे हाक; मराठीतील ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग त्याच कल्पनेची नवी घडण आहे, जरी त्याची लांबी आता कोसाहून पुष्कळच आखूड झाली आहे. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’ याचा फारसीमार्गे आलेला अवतार; मूळ अर्थ उतरण्याचे ठिकाण. मजल दरमजल करीत जाणारा मनुष्य लांबी मोजत नव्हता, मुक्काम मोजत होता. लॅटिनमधून आलेला मैलही मुळात हजार पावलांचा. ही सर्व परिमाणे जाणाऱ्याच्या देहाशी, जनावराशी किंवा दिवसाशी बांधलेली आहेत. त्यामुळे सपाटीवरचा कोस आणि घाटातला कोस सारखा नसे, अशी तक्रार इंग्रजी अमदानीतील मोजणीदार करीत; पण चालणाऱ्याच्या दृष्टीने ते कोस बरोबरच होते. विज्ञानानेही शेवटी लांबी काळातच बांधली आहे. १९८३ पासून मीटरची व्याख्या, प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके जातो तितके अंतर, अशी आहे.

बोलीविज्ञानात याचा उपयोग कोठे होतो? ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण मराठी विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. त्यातील कोस कोणता, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. फ्रेंच अभ्यासक झाँ सेगी यांनी १९७१ मध्ये बोलींमधील भेद आणि भौगोलिक अंतर यांचा संबंध गणिती स्वरूपात मांडला, तो नकाशावरील अंतर घेऊन. पुढे शार्लट गूस्केन्स यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नॉर्वेच्या बोली घेऊन तीन अंतरे ताडून पाहिली : सरळ रेषेतील अंतर, आजचा प्रवासकाळ आणि १९०० च्या सुमाराचा प्रवासकाळ. बोलींतील भेदाशी सर्वांत चांगला मेळ तिसऱ्याचा बसला. डोंगर आणि समुद्राच्या अरुंद फाट्यांनी चिरलेल्या त्या देशात शंभर वर्षांपूर्वी कोण कोणाकडे किती वेळात जाऊ शकत होता, त्याचा ठसा आजच्या उच्चारांवर राहिला आहे. सपाट नेदरलँड्समध्ये मात्र प्रवासकाळ घेतल्याने विशेष काही हाती लागले नाही. तेथे दोन्ही अंतरे जवळजवळ एकच होती. नॉर्वेच्या निकालाइतकाच नेदरलँड्सचा हा निकाल मोलाचा आहे, कारण कोणते अंतर केव्हा घ्यावे हे त्यातून कळते.

महाराष्ट्राच्या भूमीवर नॉर्वे आणि नेदरलँड्स दोन्ही आहेत. गोदावरीच्या सपाट खोऱ्यात नकाशाच्या पट्टीने काम भागावे. सह्याद्रीच्या दोन अंगांना ते भागणार नाही. कड्यावरचे गाव आणि पायथ्याचे गाव यांत नकाशावर पाच-सहा किलोमीटर असतील, पण मध्ये पाऊलवाटेचा घाट असतो. कोकणात खाड्यांनी उलटाच प्रकार केला आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि समोरचे धोपावे यांमध्ये होडीने काही मिनिटांचे अंतर, रस्त्याने खाडीला वळसा घालावयाचा तर बराच लांबचा फेरा. आगबोटींच्या काळात रत्नागिरीच्या माणसास घाटावरच्या कोल्हापुरापेक्षा समुद्रावरून मुंबई सोयीची होती, आणि गिरणगावात कोकणी मुलूख वसला तो याच वाटेने; कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली ती १९९८ मध्ये, म्हणजे हा संबंध जुळून गेल्यानंतर कित्येक पिढ्यांनी.

प्रवासकाळ घ्यावयाचा तर तो कोणत्या वर्षाचा, हे त्यामुळे ठरवावे लागते. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुणे व अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) यांमध्ये धावली. बरोबर एका आठवड्याने, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. दुसऱ्या घटनेची छायाचित्रे अधिक प्रसिद्ध आहेत. बोलींच्या दृष्टीने पहिलीचे महत्त्व कितीतरी मोठे, आणि प्रत्येक गावापुरती तिची तारीख निराळी आहे. पाहणीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती गावात विचारून घ्यावी, आणि त्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी जाण्यास किती वेळ लागे हेही विचारावे. ‘कोंबडा आरवता निघालो तर न्याहारीला पोहोचायचे’ असे उत्तर मिळाले तर ते तासांत उतरवून घेण्यास हरकत नाही. मात्र जाण्याचा आणि येण्याचा असे दोन रकाने ठेवावे लागतील, कारण घाट चढण्याचा वेळ आणि उतरण्याचा वेळ सारखा नसतो.